कामाचा ताण: 'लाइफस्टाइल बदला' एवढ्यावर का भागत नाही

आठवड्याला किती तास काम करावं, यावर आपल्याकडे गेली दोन-तीन वर्षं वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांमधली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास, आणि दुकानं-आस्थापनांमधली ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, असंही सांगितलं.

वादात सगळे तास मोजतात. डॉक्टरकडे गेलं की मात्र वेगळंच ऐकू येतं: 'टेन्शन घेऊ नका, चालायला जा, बाहेरचं खाऊ नका.' म्हणजे एकीकडे सगळा दोष कंपनीचा, तर दुसरीकडे सगळा आपला. या प्रश्नावर गेली पन्नास-साठ वर्षं भरपूर संशोधन झालं आहे. त्यातून पुन्हा पुन्हा वर येणारा मुद्दा मात्र या दोन्ही बाजूंच्या तोंडी क्वचितच येतो. काम किती आहे याच्याइतकंच, त्या कामावर तुमचा ताबा किती आहे, हे महत्त्वाचं असतं. आणि ताबा नसला की चांगल्या सवयी निवडायची ताकदही हळूहळू कमी होत जाते.

शरीरात नेमकं काय होतं

संध्याकाळी सहाला निघायच्या तयारीत असताना मेल येते: 'सगळे आकडे आज रात्रीच हवेत.' ती वाचताना तुम्ही खुर्चीवरच असता, पण शरीर मात्र पळायच्या तयारीला लागतं. मेंदूकडून निरोप जातो, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक येतं. त्याचं काम म्हणजे रक्तात साखर वाढवून स्नायूंना आणि मेंदूला इंधन पुरवणं. पचनासारखी, तातडीची नसलेली कामं मागे पडतात.

ही यंत्रणा वाईट नाही. संकटातून वाचवण्यासाठीच ती घडली आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं 'लढा किंवा पळा' असं वर्णन केलं. ताणावर संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवलं की थंडी असो, जखम असो की विष, उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते आणि ती लांबली की शरीर झिजतं.

यंत्रणेला ब्रेकही आहे. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला सांगतं, आता बास. काम संपतं, माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो, रक्तदाब खाली येतो. खरी अडचण सुरू होते ती काम संपतच नाही तेव्हा, किंवा ते कधी येऊन आदळेल याचा भरवसा नसतो तेव्हा. मग ब्रेक नीट लागत नाही. झोप तुटक होते, रक्तदाब पूर्ण खाली येत नाही, साखर रेंगाळते, पोटाभोवती चरबी साठते. असं वर्षानुवर्षं चाललं की त्याची किंमत हृदय आणि रक्तवाहिन्या मोजतात.

म्हणून 'थोडा ताण हवाच' हे म्हणणं खरं आहे, फक्त त्याला एक अट आहे: ताणानंतर उतार यायला हवा. परीक्षेचा ताण, लग्नघरातली धावपळ, मार्चअखेरची गडबड हे सगळं शरीर निभावून नेतं. बाराही महिने मार्चअखेर असेल तर मात्र नाही.

तास मोजणं चुकीचं नाही

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे केलेला अंदाज असा: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. या लांब तासांशी जोडलेले मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार होते. ७० आणि ९० तासांच्या गप्पा मारताना हे आकडे समोर ठेवायला हवेत. देशाच्या प्रगतीसाठी लोकांनी झिजावं असं कुणाला वाटत असेल, तर ती झीज कुणाच्या शरीरात होते हेही त्यांनी सांगायला हवं.

पण फक्त तासांनी सगळं उलगडत नाही. शेतकरी आणि दुकानदार लांब दिवस काढतात, स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टरही काढतो. त्यांच्या तुलनेत ठरलेल्या आठ तासांची नोकरी करणारी एखादी व्यक्ती जास्त पिचलेली दिसते. हे असं का होतं?

साहेबाला जास्त टेन्शन असतं, हे खरं आहे का?

जबाबदारी मोठी म्हणजे ताण मोठा, असं आपण गृहीत धरतो. हे तपासायची संधी लंडनच्या सरकारी कार्यालयांनी दिली. व्हाइटहॉल या भागात ब्रिटिश सरकारची खाती आहेत. तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, आणि पुढे त्याचं नाव साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्याशी जोडलं गेलं. हे सगळे पक्क्या नोकरीतले, कुणी उपाशी नाही, कुणी बेघर नाही, आणि सरकारी दवाखाना सगळ्यांना मोफत.

निकाल उलटा आला. हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपाई आणि द्वारपालांमध्ये सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. शिवाय ही नुसती वर-खाली अशी दोन टोकांची गोष्ट नव्हती. प्रत्येक पायरी खाली गेलं की धोका थोडा वाढत होता. खालच्या श्रेणीतले लोक विड्या-सिगारेटी जास्त ओढत असतील, असा पहिला संशय आला आणि तो खराही होता. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडला.

मग १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते आणि त्यांना कामाबद्दल बारीकसारीक विचारलं गेलं. काम कसं करायचं ते तुम्ही ठरवता का? सुट्टी कधी घ्यायची ते? तुमचं मत कुणी विचारतं का? ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी होता, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. वरच्या अधिकाऱ्याची जबाबदारी मोठी होती, पण बैठक कधी लावायची, कुठलं काम कुणाला द्यायचं, कधी उठून बाहेर पडायचं, हेही तोच ठरवत होता.

घाटातली गाडी

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने जाताना मागच्या सीटवरच्याला गाडी लागते आणि चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. वळणं दोघांनाही तीच असतात. पण स्टिअरिंग धरलेल्याला पुढचं वळण आधी कळतं आणि ते कसं घ्यायचं हे त्याच्या हातात असतं. मागचा नुसता फेकला जातो. कामावरचा ताबा म्हणजे हेच: पुढे काय येणार आहे हे आधी कळणं, आणि त्यात काहीतरी आपल्याला ठरवता येणं.

हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. अमेरिकी संशोधक जे वाइस यांनी साधारण पन्नास वर्षांपूर्वी उंदरांच्या जोड्यांवर प्रयोग केले. जोडीतल्या दोघांनाही अगदी सारखेच विजेचे झटके बसत. फरक एवढाच की एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता येई. तो थांबला की दुसऱ्याचाही थांबे, पण दुसऱ्याने काहीही केलं तरी काही फरक पडत नसे. पोटात व्रण जास्त झाले ते या दुसऱ्या उंदराला. झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज दिला तरीसुद्धा व्रण कमी होत.

संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच नोकऱ्यांना लावून पाहिलं. कामाची मागणी जास्त आणि ताबाही जास्त, अशा नोकरीत माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. मागणी जास्त आणि ताबा कमी, हे मिश्रण घातक. एसटीचा चालक, कॉल सेंटरमधली मुलगी, घरोघर डबे पोचवणारा डिलिव्हरी बॉय, वॉर्डातली नर्स: वेळापत्रक दुसऱ्याचं, गिऱ्हाईक दुसऱ्याचं, वेग दुसऱ्याने ठरवलेला आणि बोलणी मात्र यांनी खायची.

हा परिणाम किती मोठा, तेही सांगायला हवं. युरोपातल्या १३ अभ्यासांमधली सुमारे दोन लाख माणसं एकत्र करून २०१२ मध्ये हिशेब मांडला गेला. त्यात अशा नोकरीमुळे हृदयविकाराचा धोका साधारण २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे परिणाम खरा आहे, पण सिगारेटइतका मोठा नाही.

रविवारी रात्रीचा रोस्टर

आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. त्यांचं पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचं, कागदाचा फोटो काढून, तोही तिरका. दोन बोटांनी फोटो मोठा करत त्या आपलं नाव शोधायच्या आणि नावापुढची सात अक्षरं वाचायच्या: एम, एम, ई, एन, एन, ओ, ई. सकाळ, संध्याकाळ, नाइट, ऑफ. ते वाचून झाल्यावरच मुलीच्या शाळेतली पालकसभा जमेल की नाही, सासऱ्यांना डोळे तपासायला कोण नेणार, हे ठरायचं. कुणी आजारी पडलं की 'ताई, आज डबल करा' असा फोन यायचा आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा सल्ला मिळाला: रोज ठरलेल्या वेळी जेवा, ठरलेल्या वेळी झोपा, सकाळी पाऊण तास चाला. सल्ल्यात चूक काहीच नाही. पण ठरलेली वेळ ही एकच गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. रात्री दोनला भूक लागली की कॅन्टीनमध्ये मिळायचा तो वडापाव आणि गोड चहा. नाइटहून आल्यावर दुपारी झोपायचं तर खाली दुरुस्तीचं ड्रिल चालू. अशा माणसाला 'तुमची लाइफस्टाइल चुकते' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मोठ्या अभ्यासांतही दिसतं की ताणाच्या नोकरीत असलेल्यांचा व्यायाम पुढच्या काही वर्षांत सुटण्याची शक्यता जास्त असते. व्यायाम सोडायचा असं ते ठरवत नाहीत. दिवसात त्याला जागाच उरत नाही.

त्यांच्या वॉर्डात पुढे सगळ्या सिस्टर मिळून इन-चार्जकडे गेल्या. पगारवाढ मागितली नाही, माणसं वाढवा असंही म्हणाल्या नाहीत, फक्त रोस्टर दोन आठवडे आधी द्या आणि आपसात ड्यूटी बदलायची मुभा द्या, एवढंच मागितलं. इन-चार्जनेही तीच नोकरी वर्षानुवर्षं केली होती, ती तयार झाली. कामाचे तास तेवढेच राहिले, नाइटही तेवढ्याच. ताईंची रक्तदाबाची गोळी चालूच आहे. पण आता त्या ऑफच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला फोन करून टेकडीवर जायचं पक्कं करतात, कारण तो ऑफ खरोखर मिळणार हे त्यांना माहीत असतं.

मग स्वतःच्या सवयींना काहीच अर्थ नाही?

आहे, आणि भरपूर आहे. 'सगळं व्यवस्थेमुळे' म्हणत तंबाखू मळत बसणाऱ्याला मी साथ देणार नाही. २०१२ चा तो हिशेब मांडणाऱ्या युरोपीय संशोधकांनीच २०१३ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांची माहिती घेऊन थेट हाच प्रश्न विचारला. ताणाच्या नोकरीत असूनही ज्यांच्या सवयी चांगल्या होत्या, त्यांच्यात दहा वर्षांत दर हजारी सुमारे १५ जणांना हृदयविकार झाला. ताणाची नोकरी आणि वाईट सवयी असं दोन्ही होतं त्यांच्यात दर हजारी ३१ जणांना. म्हणजे नोकरी बदलली नाही तरी धोका निम्मा. सवयी कोणत्या, तर चारच: धूम्रपान न करणं, दारू बेताची, वजन आटोक्यात, हालचाल नियमित.

तेव्हा निवड आपली आहेच. फक्त ती सगळ्यांना सारख्या किमतीत मिळत नाही. दिवसाच्या शेवटी जे थोडं बळ उरतं, ते कुठे वापरायचं हे ठरवताना एकदम पाच गोष्टी बदलायला जाऊ नका. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर ती पहिली, बाकी सगळं नंतर. ती नसेल तर झोप पहिली, निदान सात तास. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अंगात असतो. झोप सुधारली की भूक आणि चिडचिड बऱ्याच अंशी आपोआप ताळ्यावर येतात. झोप मोडून पहाटे साडेचारला जिम गाठणं मला पटत नाही.

कंपनी योगाचे वर्ग घेते, ते पुरेसं नाही का?

योगा आणि ध्यान यांनी अनेकांना शांत वाटतं, झोप लागते, ते करावं. पण कामाची रचना तशीच ठेवून हे वरून शिंपडलं तर काय होतं? ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची अ‍ॅप, ताण हाताळायचं प्रशिक्षण असे उपक्रम घेतलेल्यांचं मानसिक स्वास्थ्य, न घेतलेल्यांपेक्षा चांगलं आढळलं नाही. अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१९ मध्ये आले. वेलनेस कार्यक्रम असलेल्या शाखांमध्ये लोकांनी व्यायाम करतो असं जास्त सांगितलं, पण दीड वर्षानंतर रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल यांत फरक दिसला नाही. म्हणून कंपनीने योगा दिवस साजरा केला तर जरूर जा, पण त्याच बैठकीत विचारा की रात्री नऊनंतरचे मेसेज कधी थांबणार.

'आमच्या आजोबांनी गिरणीत रात्रपाळ्या काढल्या, त्यांना कुठे होतं टेन्शन?'

हे वाक्य घराघरात ऐकू येतं. त्या पिढीचे कष्ट आपल्याहून जास्त होते, यात शंका नाही. पण ते निरोगी होते, हा समज चुकीचा आहे. कापसाच्या तुसाने फुप्फुसं निकामी करणारा बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा ठरलेला आजार होता आणि रक्तदाब तर कुणी मोजतच नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे होती. भोंगा झाला की पाळी संपायची आणि साचा, म्हणजे माग, घरी यायचा नाही. आज फोन उशाशी असतो आणि मेसेज वाचलाय हे पाठवणाऱ्याला निळ्या खुणांनी कळतं. शरीराला हवा असलेला उतार तिथेच अडतो.

नोकरी सोडता येत नाही, मग करायचं काय?

घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया डोक्यावर असताना 'आवडत नसेल तर सोड' हा सल्ला देणं सोपं असतं. बहुतेकांना त्याच नोकरीत राहून थोडा ताबा मिळवायचा असतो. माझ्या मते मागणी लहान आणि नेमकी हवी. 'कामाचा ताण फार आहे' म्हटलं की साहेब सहानुभूती दाखवतो आणि तिथेच विषय संपतो. त्याऐवजी वेळापत्रक आधी द्या, दोन कामं एकदम आली तर आधी कुठलं ते तुम्ही सांगा, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मला फोन करू नका, असं मागा. यात कंपनीचा खर्च जवळजवळ नसतो, म्हणून नकार देणं अवघड जातं. आणि एकट्याने मागू नका. एकटा बोलला की तो तक्रारखोर ठरतो, सहा जण बोलले की त्याची अडचण म्हणून नोंद होते.

तुम्ही स्वतः कुणाचे साहेब असाल, तर हे सगळं तुमच्या हातात जास्त आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुचलेली गोष्ट सोमवारी सकाळी पाठवली तर बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण अर्धवट. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर कामगाराला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. मात्र महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना लागू होत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आधी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडलं. खासगी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण मागणी नोंदवली गेली आहे.

कधी वाट पाहू नये

छातीत दडपण, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, अंगाला दरदरून घाम, यातलं काही झालं तर 'टेन्शनमुळे असेल, अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून सोडा-लिंबू घेत बसू नका. थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

मनाच्या बाबतीत, कामाने आलेला थकवा आणि नैराश्य यात फरक करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'बर्नआउट' ही कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदली आहे, आजार म्हणून नाही: माणूस पूर्ण रिता होतो, कामाबद्दल तिटकारा वाटतो, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटतं. सुट्टीत, घरच्या कार्यात, मित्रांमध्ये असताना हे बऱ्याचदा हलकं होतं. पण कुठेच मन रमत नसेल, दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे आणि उपचारांनी गुण येतो. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

खर्चाची भीती वाटत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार, विमा कंपनीला मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसीचा कागद काढून मानसिक आजाराबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते एकदा वाचा, आणि दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी लागत नाही.